प्रार्थनेनंतरची गोळी

मी रागीट माणूस आहे. पाळकाला राग शोभत नाही, हे माझी बायको मला रोज रागावून सांगते. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा तिचं रागावणं ड्यूटीत धरलं जातं. मला मात्र चर्चमध्ये आल्यागेल्याकडे पाहून हसावं लागतं. राजूरला हसलो, घाटंजीला हसलो, आता बोरी अरबला हसतोय. पण इथं एक माणूस असा भेटला की त्याच्यापुढे माझं हसू, माझा राग आणि माझी सगळी विद्या, तिन्हींनी हात टेकले. त्याचंच सांगायचं आहे. पण पाळकाच्या हातात बीपीचं यंत्र कसं आलं, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बुवा धर्म सोडून डॉक्टरकी करतो की काय.

सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, मला पुष्कळ शिकवलं. कोणी बोलत नाही अशा भाषा शिकवल्या. उपदेशाचे मुद्दे तीनच का असावेत, तेही शिकवलं. समोरचा माणूस खोकतो आहे, तर त्याचं काय करायचं, हे कोणी शिकवलं नाही. पहिली नेमणूक राजूरला झाली. तिथं कोळशाची धूळ इतकी, की सकाळी वाळत घातलेला माझा पांढरा झगा संध्याकाळी करडा व्हायचा. उपासनेत अर्धी मंडळी गायची आणि अर्धी खोकायची. मी आपला खोकल्याच्या वर आवाज चढवून उपदेश करायचो.

एका रविवारी घरी आल्यावर बायको म्हणाली, "तिसऱ्या बाकावरचा माणूस आज किती वेळा खोकला?"

"मी काय तिथं खोकले मोजायला उभा असतो?"

"मोजत जा."

चिडलो मी. पण पुढच्या रविवारी मोजले, आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत माझा उपदेशच विसरलो. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे त्यानं उद्या दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी, आमेन. लोकांनीही आमेन म्हटलं. सोमवारी सात जण दवाखान्यात हजर झाले. सातही जणांनी सांगितलं, पाळकसाहेबांनी पाठवलं. त्यातल्या दोघांना टीबी निघाला, औषध सुरू झालं आणि दोघंही बरे झाले. माझ्या कुठल्याही उपदेशाचा असा चोवीस तासांत परिणाम कधी झाला नव्हता. मला चटकच लागली.

मग घाटंजीला गेलो तिथं बीपीचं यंत्र घेतलं. बाजाराच्या दिवशी चर्चच्या फाटकाशी टेबल टाकून बसायचो. मिठावर उपदेश, तंबाखूवर उपदेश, गरोदर बाईच्या रक्तावर उपदेश. माझ्या उपदेशात स्वर्ग कमी आणि लोणचं जास्त, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती. जाऊ दे. बचतगटाच्या बायकांनी बोलावलं तिथं गेलो, हनुमानाच्या मंदिराच्या ओट्यावर बोलावलं तिथंही गेलो. बोरीला आल्यावर एका मेकॅनिकनं शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर टेबल टाकायला सांगितलं. म्हणाला, "पादरीसाब, आपकी गाडी का इंजन मैं देखता, मेरा इंजन आप देखो." आजवर दोघांनीही शब्द पाळला आहे.

माझा नियम साधा. प्रार्थना आधी, पट्टा नंतर, गोळी रोज. प्रार्थनेनं माणसाचं मन निवतं, मग पट्टा बांधून मोजलेला आकडा खरा येतो. अमुक एक गोळी घे, हे मी कधीच सांगत नाही. ते डॉक्टरचं काम. मी फक्त माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो, आणि पुढं तो गोळी खातो की नाही यावर नजर ठेवतो.

आता तो माणूस. एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ. सत्तरीच्या घरातलं वय, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की त्याच्यापुढे माइक ठेवायचा नसतो, लांब न्यायचा असतो. चर्चमध्ये ढोलकी तोच वाजवतो आणि गाणं किती वेगानं जाणार हेही तोच ठरवतो. मी कितीही संथ सुरुवात केली तरी तिसऱ्या कडव्याला आमची एक्सप्रेस झालेली असते. सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणतात, मीही म्हणतो.

एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या ओसरीत मी यंत्र घेऊन बसलो होतो, तिथं काकांनी सहज दंड पुढं केला. वरचा आकडा दोनशेच्या पुढं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याच ओसरीत त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बायकोच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत आकडा एकशे तीसवर आला. मला इतका आनंद झाला की मी तो उपासनेत जाहीर केला. बायकोनं आदल्या दिवशी बजावलं होतं, "असल्या गोष्टी जाहीर करू नका." पण मी तिचं ऐकलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. कोणाची हरवलेली म्हैस सापडते, कोणाच्या जावयाची बदली जवळ होते. एकेकाची साक्ष संपली की सगळ्यांनी मिळून 'हालेलुया' म्हणायचं. सगळ्यात मोठ्यानं अर्थात पाळकानं. इतक्या वर्षांत ते माझ्या जिभेला असं बसलं आहे, की समोरचा श्वास घ्यायला थांबला की माझा हालेलुया निघतो.

त्या रविवारी काका उभे राहिले.

"मंडळी, तुमाले सांगतो, माहा बीपी दोनशेच्या वर गेलता. पाळकसाहेबांनं माह्या डोक्शावर हात ठेवला. बस! दोन महिन्यात नॉर्मल! मंग काल मी इचार केला, देवानं मले बरं केलं, तं मी ह्या गोळ्या कायले खाऊन राह्यलो? म्हंजे माहा देवावर इस्वास नाही का काय? उचलल्या समद्या, अन् नाल्यात फेकल्या!"

"हालेलुया!" मंडळी गरजली. आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काकांचं वाक्य नंतर माझ्या कानातून आत आलं. बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. तिनं हालेलुया म्हटलं नव्हतं. ती फक्त माझ्याकडे पाहत होती. मी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं, तेही चुकीच्या नंबरचं.

पुढच्या रविवारी ओसरीतल्या टेबलाशी कळलं की आणखी तिघांनी गोळ्या सोडल्या. "काहून सोडल्या?" मी ओरडलो.

"अवो साहेब, तुमीच तं हालेलुया म्हटलं!"

या तिघांना बायकोनं आठवड्याभरात घरोघरी जाऊन सरळ केलं. तिच्यापुढं कोणाची टाप आहे? पण काका सरळ होईनात. दोन आठवड्यांनी मोजलं तर आकडा पुन्हा दोनशेला टेकलेला. म्हणाले, "मशीन बिघडलं तुमचं." बायकोनं त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, असंच चाललं तर कोणत्याही सकाळी लकवा मारेल. हात जाईल, वाचा जाईल, नाहीतर तुम्हीच जाल." काकांनी शांतपणे मिशीवर हात फिरवला. "बाई, तुमी दवाखान्याच्या. तुमाले असंच बोला लागते."

मला झोप येईना. हा माणूस पडला तर माझ्या हालेलुयावर पडणार होता. मी रोज त्यांच्या घरी चकरा मारायला लागलो.

"काका, तुम्ही तीस वर्षं गाडी चालवली. गाडी छान पळते म्हणून कोणी ऑइल टाकायचं बंद करतं का?" मला वाटलं, आता सापडला.

"डिपोत ऑइल कोन टाके, टाके का नाही, मले काय माहीत?" काका म्हणाले. "मी रोज सकाळी स्टेरिंगपुढं हात जोडो, अन् गाडी काढो. तीस वर्सात एक अॅक्सिडेंट नाही. आता बोला!"

मग मी विश्वास आणि औषध दोन्ही देवाचीच कशी आहेत ते सांगितलं, काका मान डोलवत राहिले. मी त्यांच्या ढोलकीची शपथ घातली, ते हसले. शेवटी माझं डोकंच फिरलं. अंगणात उभा राहून मी असा ओरडलो की शेजारच्या बाईनं तूर पाखडायचं थांबवलं. काका खाटेवरून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, "शांत व्हा साहेब. तुमचा बीपी वाढन."

इथं मला एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. माझा बीपी वाढलेलाच होता. एकदोन दिवसांचा नाही, दोन वर्षांचा. मी रोज सकाळी गोळी घेत होतो आणि हे बायकोशिवाय जगात कोणाला ठाऊक नव्हतं. जो गावभर गोळी खा म्हणून ओरडत फिरतो तो स्वतःची गोळी लपून खात होता. काहून? लाज वाटत होती, दुसरं काय! लोक लांबलांबून माझ्याकडे प्रार्थनेला येतात. प्रार्थना करणाराच बिमार निघाला तर ते काय म्हणतील, ही भीती. म्हणून मी त्या गोळ्या पट्टीतून काढून घशाच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. उपदेश करणाऱ्याच्या खिशात घशाच्या गोळ्या असणारच, कोण विचारतो?

विचारलं. काकांनीच विचारलं. पुढच्या रविवारी उपासनेआधी मी डबी उघडून गोळी जिभेवर ठेवतो आहे आणि काका ढोलकी घेऊन समोर उभे.

"द्या न साहेब एक. माहा घसा बसला सकाळपासून."

माझ्या मनात काय आलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. हात आपोआप पुढं गेला होता. मनात आलं, देऊन टाक. याला कळणारही नाही. रोज घसा बसवत जा म्हणावं, रोज एक देत जाईन. प्रश्न मिटला! मग दुसऱ्याच क्षणी हात मागं घेतला. दुसऱ्याची गोळी, डॉक्टरला न विचारता, चोरून, आणि देणारा कोण तर मी.

"संपल्या," मी म्हटलं, आणि डबी खिशात टाकली. खिशात ती अशी खुळखुळली की पहिल्या बाकावरच्या बाईनंही मान वर केली.  पाळकसाहेब एका घशाच्या गोळीसाठी खोटं बोलले, हे काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न पाहता ढोलकी वाजवली.

घरी आल्यावर मी सगळं बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. ती भाकरी करत होती, करतच राहिली. म्हणाली, "दिली नाही ते बरं केलं. पण तुम्ही त्याला कोणत्या तोंडानं समजावता? त्यानं नाल्यात टाकल्या, तुम्ही डबीत लपवल्या. लाज दोघांनाही गोळीचीच वाटते."

जेवण गेलं नाही मला. ती खरं बोलली की माझं असंच होतं.

साक्षीचा रविवार आला. म्हशीवाला बोलला, जावईवाली बोलली. मग मी उपदेशाच्या व्यासपीठावरून खाली उतरलो आणि मंडळीत जाऊन उभा राहिलो. पाळक खाली उतरून साक्ष देत नसतो, त्यामुळे सगळे सावध झाले.

"मला दोन वर्षांपासून बीपी आहे," मी म्हटलं. "मी रोज गोळी खातो. तुमच्यापासून लपवून खातो. ही डबी घशाच्या गोळ्यांची नाही. मी तुमच्या डोक्यावर हात ठेवतो तो खरा आहे. देव ऐकतो, हेही खरं आहे. पण काकांनी गोळ्या फेकल्या तेव्हा मी हालेलुया म्हटलं, ते चुकीचं म्हटलं. मी ते परत घेतो."

हालेलुया परत घेताना कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. पुढं काय म्हणायचं असतं, कोणाला ठाऊक नाही. शेवटी पहिल्या बाकावरची बाई मोठ्यानं म्हणाली, "अय माय! म्हंजे त्या घशाच्या नोहत्या?" पोरी खुदकन हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण माझी नजर काकांवर होती. काकांनी ढोलकी खोळीत घातली, दोरी बांधली आणि ते दारातून निघून गेले. शेवटचं गीत ढोलकीशिवाय म्हटलं. इतक्या वर्षांनी ते मला हवं तसं संथ झालं आणि मला अजिबात आवडलं नाही.

मी त्यांना फसवलं होतं, आणि आता ते माझं काहीच ऐकणार नव्हते. गेला माणूस हातचा, असं मला वाटलं. 

सोमवारी सकाळी फाटक वाजलं. काका उभे. अंगात जुना खाकी शर्ट, कडक इस्त्री केलेला.

"चला."

"कुठं?"

"दवाखान्यात. मले तुमचं काही खरं वाटत नाही. मले लायनीवर आनासाठी तुमी सोताले बिमार केलं, असं वाटून राह्यलं. माह्यासमोर मोजा."

"अहो काका, मी चर्चमध्ये खोटं बोलेन का?"

"डबी खिशात खुळखुळली तवा चर्चमधीच होतो न आपन?"

मी चपला घातल्या.

दवाखान्यात ही गर्दी. बायको ड्यूटीवर होती. आम्हा दोघांना एका बाकावर बसलेलं पाहून तिनं सरळ पट्टा आणला. आधी काकांना लावला. एकशे शहाण्णव. काका म्हणाले, "माहं राहू द्या. साहेबांचं पाहा." मग तिनं मला लावला. काका वाकून आकड्याकडे पाहत होते, घाटात गाडी उतरवताना पाहावं तसे. एकशे अडुसष्ट. गोळी खाऊनही! भर मंडळीत कबुली दिल्यावर कोणाचा वाढणार नाही?

मला वाटलं, काका आता हसतील. ते हसले नाहीत. माझ्या दंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खरंच हाये म्हंजे."

"खरंच आहे."

"दोन वर्सापासून?"

"हो."

"अन् या दोन वर्सात तुमच्यासाठी प्रार्थना कोनं केली?"

मी आठवायला लागलो. दोन वर्षांत मी किती डोक्यांवर हात ठेवला असेल, सांगता येणार नाही. तापाच्या पोरांवर, बाळंतिणींवर, मेकॅनिकच्या आईवर. माझ्या डोक्यावर कोणाचाच हात आठवेना.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी कोणाला सांगितलंच नव्हतं."

"बापा!" काका म्हणाले.  मग उठले, आणि त्या गर्दीत, गोळ्यांच्या खिडकीसमोर, त्यांनी आपला जाडाभरडा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आवाज त्यांचा तो तसला. लाइनीतली माणसं वळून पाहायला लागली. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"देवा," काका म्हणाले, "हा मानूस दोन वर्सं एकटाच बिमार होता. आमाले माहीत नोहतं. आता माहीत झालं. याले गोळी खाची बुद्धी दे. रोज दे."

मी रडत होतो. पाळक झाल्यापासून मी लोकांना रडताना पाहत आलो, त्यांना रुमाल देत आलो. माझ्या खिशात त्या दिवशी रुमालही नव्हता.

काका थांबले. मला वाटलं, संपली प्रार्थना. पण हात डोक्यावरून उचलला नव्हता. मग ते इतकं हळू बोलले की फक्त मला आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोला ऐकू आलं.

"मलेबी दे."